डुकरं हाकलायचं गाणं

लोणार, ९ जून २०२५

जीवनदादास उभ्याउभ्याच नमस्कार, वि. वि.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून हे पोस्टाचं पाकीट. पोचलो. पुण्याहून मेहकर, मेहकरहून लोणार, मांडीवर गिटार आणि तू हातात कोंबलेला बिस्किटाचा पुडा. बँडमधून काढून एवढी प्रेमळ बोळवण चुलत भावाशिवाय कोण करणार!

सोयाबीनच्या धुऱ्यावर बसून तूच मला सांगायचास, १९८३ साली मेटालिकाने आपल्या गिटारवाल्याला न्यूयॉर्कात झोपेतून उठवलं आणि बसमध्ये बसवून कॅलिफोर्नियाला धाडलं. तेव्हा तू त्या बँडला शिव्या घालायचास. त्या गिटारवाल्याने निदान दारू पिऊन धिंगाणे घातले होते. मी काय केलं? स्पर्धेत तुझंच गाणं गायलो. इंद्रभानकाका वावरातून रानडुकरं हाकलायचे, त्यावर तू लिहिलेलं: ‘हट बे डुकरा, वावर माह्या बापाचं.’ परीक्षक हसले आणि तुला लाज वाटली. माझी नाही, स्वतःच्या बापाची.

चाली माझ्या आहेत. एक जरी वाजवलीस तर स्टेजवर येऊन तारा तोडीन.

लोभ होता तेवढा पुरे.

नाइलाजाने तुझाच,
शिवम

पुणे, १८ जून २०२५

चि. शिवमला आशीर्वाद, मोजकेच.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पाय. इंग्रजी गाणं ठरलं होतं, सगळ्यांनी सुरू केलं, आणि तू मधेच भलतंच ओरडलास. बँडची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. वर तोंड करून मलाच बोल लावतोस!

इथे मी तोंड उघडून ‘मले-तुले’ म्हटलं की लोक तोंडावर हसतात. त्याची सवय झाली. पण बाबांची आरोळी तू त्यांच्यापुढे टाकलीस आणि ते तिच्यावर हसले. बाबा गेल्यावर मी ते लिहिलं, ते माझं आहे. ते पुन्हा कुठेही म्हणायचं नाही. आईसमोर तर नाहीच. तिला यातलं काही माहीत नाही, होऊही नये.

बसमधला तुझा हीरो पुढे मेगाडेथ हा स्वतःचा बँड काढून जगभर गाजला, तरी वीसेक वर्षांनीही ती हकालपट्टी त्याला सलतच होती. तू तर मेगाडेथही काढणार नाहीस. नुसताच सलत बस.

लोभ असावा, पण दुरून.

जीवन

लोणार, ८ सप्टेंबर २०२५

जीवनदादास नमस्कार, वि. वि.

तू नको म्हणालास, म्हणून मुद्दाम म्हटलं. गणपतीत, आपल्याच गल्लीच्या मंडळापुढे. मेहकरच्या बँजो पार्टीतला संघपाल ड्रमवर होता. निवृत्तीआजोबांनी कानात बोटं घातली, अध्यक्षांनी दोनदा वायर उपटली. पण कोणी हसलं नाही. वावर म्हणजे काय, ते इथे कोणाला सांगावं लागत नाही.

काकू पुढेच बसली होती. पहिली दोन गाणी तिने शेजारणीशी भाजीच्या गप्पा मारण्यात घालवली. तिसरं तुझं. तू शिकवलीस तशी मधली लांब आरोळी मी पोटातून काढली, आणि तुझी आई उठून उभी राहिली. स्टेजकडे नाही, मागे वळून शिवाराकडे पाहत राहिली. मला गाणं पुढे नेता येईना.

नंतर तिने विचारलं, काका गेले तेव्हा तू तर लहानसा होता बे, त्यांची हाळी तुले कोनं शिकवली? म्हणाली, फोटो हाये भिंतीवर, पन आवाज कुठंच नोयता राह्यला, मीच इसरून गेलती.

तुझं नाव मी सांगितलं नाही. माझा राग गेलेला नाही, आणि बँडमध्ये परत घेतलंस तरी मी येणार नाही. पण काकू रोज दारात येऊन तेच विचारते आणि मी रोज विषय बदलतो. ते तू येऊन सांग, तिच्या बोलीत.

लोभाचं नंतर पाहू, आधी ये.

शिवम