सव्वाचारशेवरचा उंचवटा

सोम. ४ फेब्रु. ७४
सकाळच्या एस.टी.ने वडगावहून थेट लॅबमध्ये. काल धाकट्या शकूची हळद, लगेच लग्नही. आबा येईल त्या पावण्याला सांगत होते, "आमची थोरली डॉक्टर व्हणार हाय, पर सुई टोचणारी न्हवं!" मग मी समजावायचं: डांबरातल्या एका रेणूला शेपट्या जोडून नवा रेणू केलाय, त्यातून वीज कशी वाहील ते बघतेय. कुणाला कळलं नाही. आबांची छाती मात्र फुगलेली.
दुपारी त्याच रेणूच्या द्रावातून प्रकाश सोडला. पुसायचा खास कागद संपलाय, काचेची कुपी रुमालावर स्पिरिट घेऊन पुसली. आलेखावर सव्वाचारशे नॅनोमीटरला उंचवटा! रेणू कुठला प्रकाश शोषेल त्याच्या माझ्या गणितात तिथे काही म्हणजे काही नाही.

बुध. ६
आलेख तीनदा घेतला. तीनदा उंचवटा. माझे गाईड सर जाम खूश. नवा शोध, पुढच्या आठवड्यात पुण्याच्या परिषदेत सांगायचा. मला म्हणाले, "गणितातला एक आकडा जरा हलव, जुळेल."
अकरा महिने हाताने मांडलंय. लॉगटेबलची पानं सुटली. मुंबईच्या संगणकाला पंचकार्डं पाठवली, उत्तर तेच आलं. नाही हलवणार, म्हटलं. तोंडावर.
लॅब सांभाळणारे दत्तूमामा हळूच म्हणाले, "ताई, यंत्र कशापायी खोटं बोलंल?"

शुक्र. ८
सर बोलत नाहीत. मीही नाही. गणित पहिल्यापासून तपासलं. चूक सापडेना. असली तर...

रवि. १०
खोलीवर धुणं. रुमालाला साबण लावला अन् पिवळट डाग लालभडक! हळद. शकूच्या हळदीत हाच रुमाल माझ्या कमरेला होता. पुढे आठवडाभर त्यानेच कुपी पुसतेय.

सोम. ११
कुपीत नुसतं स्पिरिट, रेणू नाहीच. बाहेरून त्या रुमालाने पुसली: उंचवटा हजर. नव्या कापसाने पुसली: गायब. मग कुपीत आपला रेणू, पुसायला कापूस. प्रत्येक शिखर गणितात होतं तिथेच!! अकरा महिने बरोबर होते. मोठ्याने हसले. चूक माझी आणि बरोबरही मीच.
मामा: "म्हंजे यंत्रानं हळद वळाखली की!"

मंगळ. १२
सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी-शेजारी ठेवले. चष्मा पुसला. "पुण्यात मी बोलणार नाही. तू बोलायचंस. दोन्ही दाखवायचे."
शिक्षा की मान?
आबांना कार्ड टाकलं, तुमची थोरली परिषदेत बोलणार. हळदीचं नाही लिहिलं. पिशवीत दोन्ही आलेख गुंडाळून ठेवले. वर तो रुमाल.