डाव्या दाराचा चिखल

१५ मे, गुरुवार. दुपारी २.
ही डायरी शोरूमवाल्यांनी गाडीबरोबर फुकट दिलेली. दोन महिने कोरी होती. आज लिहायला बसले, कारण सांगायला कोणी नाही.
गाडी खांबाला लागली. मी लावली नाही, लागली.
हे ड्यूटीला ऑफिसच्या बसनं जातात. गाडी क्वार्टरसमोर उन्हात. रंग उडेल म्हणून सावलीत घ्यायला गेले. गाडीच्या भल्यासाठीच. ड्रायव्हिंगच्या दहा क्लासचे आठ झालेत माझे. नवव्याला चौकात समोरनं ट्रक आला तेव्हा मी उतरून घरी आले. रिव्हर्स बहुतेक नवव्यात होतं.
डावं मागचं दार. वीतभर ओरखडा, वाटीएवढा पोचा. खांबाचा पिवळा रंग लागलेला, तो भांड्याच्या घासणीनं घासला. पिवळा गेला. गाडीचा पण गेला.
संध्याकाळी सांगणार. आल्या आल्या, चहाच्या आधी.

दुपारी ४.
चहाच्या नंतर सांगावं. तोवर ओरखडा असा उघडा बरा दिसत नाही. कुंडीतली माती भिजवून लावली. एकाच दाराला चिखल म्हणजे संशय, म्हणून चारी दारांना लावला. जाईनं पण मदत केली. तीन वर्षांची आहे पण हात चांगला चालतो.

रात्री ९.
सांगितलं नाही. माझी चूक नाही, मी तोंड उघडलेलं.
हे आले, गाडी बघून जागेवरच थांबले. ह्यांचं गाडीवर किती प्रेम, मलाच माहीत. ही कंपनी आधी डोंगरात, चिखलात जायच्या जीपा करायची. आता शहरासाठी केलीय. शोरूमचा माणूस म्हणालेला, मॅडम जी, शकल जीप की, आराम कार का. चारातली दोनच चाकं ओढतात. वर सामानाची जाळी आहे, तिच्यावर सामान ठेवायचं नाही म्हणे. हे तर रस्त्यात खडी दिसली तरी दुसऱ्या चौकातनं वळून येतात.
फडकं आणायला निघाले तेवढ्यात समोरचे बराड अंकल आले. फौजेतनं रिटायर. त्यांच्याकडं ह्याच कंपनीची जुनी जीप, टप उघडा, आवाज असा की जाई झोपेतनं उठते. ह्यांच्या गाडीला ते सब्जीमंडी एक्सप्रेस म्हणतात. आज चिखल बघून म्हणाले, ओए रुपेश, किथ्थे हो के आया? मोरनी? म्हणजे कुठं जाऊन आलास, मोरनीच्या डोंगरात का.
ह्यांनी एकदा चिखलाकडं बघितलं. मग म्हणाले, हां जी, बस थोडा सा.
फडकं घरातच राहिलं.
देवानं वाचवलं. उद्या सकाळी सांगते.

१६ मे, शुक्रवार.
सकाळी ह्यांनी बादली काढली. मी म्हटलं, अहो, उन्हाळ्यात इथं सकाळी गाडी धुतली तर पाणी वाया घालवलं म्हणून दंडाचं चलान करतात, विसरला का? म्हणाले, पाइपनं धुतली तर, बादलीला नाही. मी म्हटलं, त्यांना काय दिसतंय पाइप का बादली. मग स्वतःच म्हणाले, राहू दे, असू दे दोन दिवस, रांगडी दिसते.
पाणी वाचवलं हे तरी खरंच आहे.

१७ मे, शनिवार.
ऊन एवढं की चिखल वाळून पडतो. ओरखड्यावरचाच आधी पडतो. आज कणीक घालून लावला. चिकटला.

१८ मे, रविवार.
कणकेला मुंग्या लागल्या. दारावरनं सरळ रांग. ह्यांना म्हटलं, जाईनं बिस्किट सांडलं. लेकराच्या नावावर घातलं. दिवसभर तिच्याकडं बघवेना. तिला चॉकलेट दिलं.
आता मुलतानी मिट्टी.

१९ मे, सोमवार.
जाई जेवताना म्हणाली, मम्मा ने गाड़ी धड़ाम की. आम्ही घरात मराठी बोलतो, ही हिंदीत उत्तरं देते, पाळणाघरात सगळं हिंदी. हे हसले. म्हणाले, मम्मा को गाड़ी कहां आती है.
मला राग आला. आठ क्लास झालेत.
परत चॉकलेट दिलं. तिच्या दाताचं पाप पण माझ्याच डोक्यावर.

२० मे, मंगळवार.
आज खरं लिहिते. सावलीत घ्यायची होती हे खरं, पण रोज थोडी थोडी गाडी हलवायची, असं ठरवलेलं मी.
जानेवारीत जाईला ताप चढून झटका आला. हे ड्यूटीवर. धुकं असं की गेट दिसेना. मी तिला शालीत गुंडाळून गेटवर उभी, ॲपवाला येतो म्हणे आणि येईना. डोळे पांढरे केलेले तिनं. अर्ध्या तासानं ऑटो मिळाला. वाचली. डॉक्टर म्हणाले, परत येऊ शकतो, घाबरू नका. आठवी शिकलेल्या बाईनं काय करायचं असतं अशा वेळी? मी क्लास लावला.
चावी दाराजवळच्या हुकाला असते. ओरखडा कळला तर हुक रिकामा होणार. म्हणून सांगत नाही. भीती वाटते म्हणून नाही.
भीती पण वाटते.

२२ मे, गुरुवार.
घोटाळा झाला. बराड अंकल रविवारी तीन जीपा घेऊन मोरनीला चाललेत. कच्च्या रस्त्यानं. ह्यांना म्हणाले, तू तो जा के आया है, आगे आगे चल. हे हो म्हणाले. वर म्हणाले, फॅमिली भी आएगी.
मी म्हटलं, आपली गाडी दोनच चाकांची आहे ना? म्हणाले, रक्त तर जीपचंच आहे. डोळे मात्र भिंतीकडं.
म्हणजे माझ्या चिखलानं माझं लेकरू डोंगरात चाललं. आता सांगायलाच पाहिजे. उद्या. पक्का.

२३ मे.
उद्या.

२४ मे, शनिवार. रात्री.
जाईला ताप आहे असं सांगावं म्हटलं. तापाचं खोटं नाही बोलवत मला. बाकीचं बोलवतं.
देवाला सांगितलं. त्याला आधीच माहीत होतं.

२५ मे, रविवार. रात्री ८.
पक्क्या रस्त्यानं गाडी लोण्यासारखी गेली. गाणी लावली, एसी लावला. मग अंकलनी कच्च्यात वळायला सांगितलं. खाली कोरडा नाला, पुढं चढ. अर्ध्या चढावर आमची चाकं जागेवर फिरायला लागली. दगड उडाले. आणि गाडी मागं सरकली. मागं नाला.
मी जाईला छातीशी धरलं आणि ओरडले, अहो, खांबाला मीच मारली, घासणी पण मीच मारली, चिखल कुंडीतला आहे, आता थांबवा!
ह्यांनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. मग मान वळवून म्हणाले, कुठला खांब?
बराड अंकल पळत आले. भाभी क्या कह रही हैं? हे म्हणाले, कुछ नहीं जी, डर गई. दोरी बांधून जुन्या जीपनं आम्हाला वर ओढलं. जाई टाळ्या वाजवत होती, और करो, और करो.
येताना ह्यांनी गाणी लावली नाहीत. मला वाटलं, घरी गेल्यावर ओरडतील. ओरडू दे. दहा दिवस त्याचीच वाट बघत होते.
क्वार्टरच्या गेटवर माणसं जमली. ह्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि ओला रुमाल घेऊन डावं दार स्वतः पुसलं. ओरखड्यावर हात ठेवून म्हणाले, नाले का पत्थर लग गया जी.
बराड अंकलनी ओरखड्यावर बोट फिरवलं. समोरच्या पिवळ्या खांबाकडं बघितलं. मग माझ्याकडं. म्हणाले, वाह जी वाह.

२६ मे, सोमवार. रात्री.
अजून ओरडले नाहीत. वांग्याची भाजी छान झाली म्हणाले. जेवण झाल्यावर हुकाची चावी काढून खिशात घातली. मी बघत होते. म्हणाले, तुझ्यावर राग नाही, गाडी आता जरा जपायला पाहिजे.
मी म्हटलं, आणि जाईला काही झालं तर? म्हणाले, मी आहे ना.
जानेवारीत पण होते. चूक माझी, मी कुठल्या तोंडानं बोलू.
मग दिवा घालवताना म्हणाले, मोरनीहून नुसती धूळ आली गं, चिखल काही आला नाही. बुधवारी ऑफिसातले सगळे गाडी बघायला येणार आहेत. सकाळी जरा लाव ना. तुझा हात बसलाय. ओरखडा तेवढा झाकू नको.
मी बरं म्हटलं.

२७ मे, मंगळवार. दुपारी.
हे ड्यूटीला गेले. चावी खिशातनं गेली.
क्लासवाल्यांना फोन केला, राहिलेले दोन पूर्ण करते म्हणून. गाडी त्यांची, हुकाची चावी लागत नाही. मास्तर चांगला आहे, म्हणाला, मॅडम, कल दस बजे आ जाओ, रिव्हर्स सिखा देंगे.
उद्या बुधवार. दहाला माणसं येणार, तोवर चिखल ओला राहायला पाहिजे.
परवा जाईन. पक्का.