रंगुबाईच्या रानातला पावटा

प्रिय विश्वजित,

परवा रविवारी मी सांगलीत येऊन गेलो. तुला माहीत नाही, कारण मी तुला भेटलोच नाही. विट्याला एसटी बदलून, हातात ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन, विचारत विचारत तुझ्या शेतकरी बाजारात पोचलो. थंडीचे दिवस, बाजार कसा भरला होता! गाजरं, बोरं, काटेरी वांगी. जीव हरखला. पोरानं नाव काढलं, असं मनात म्हणत होतो. मग तुझा फलक दिसला, 'रंगुबाईच्या रानातला पावटा'. शेजारी तुझ्या आईचा हा एवढा मोठा फोटो, डोक्यावर पाटी घेतलेला.

यंदा आपल्या रानात पावटा पेरलेलाच नाही. पेरणार कोण? नुसती ज्वारी आहे. ढिगातली एक शेंग उचलून फोडली, तर आत अळी. बोटांना वाससुद्धा लागला नाही. कुठल्या गाडीतून उतरवून घेतलास, देव जाणे. तुझी आई वडूजच्या बाजारात बसायची तेव्हा गिऱ्हाइकाला आधी शेंग फोडून दाखवायची. "आदी बगा, मग घ्या. किडकं घरी न्हेऊ नगा," म्हणायची. मी चिडायचो, अशानं माल खपतोय का म्हणून. पण पाटी रिकामी करूनच ती उठायची. त्याच बाजारात तू तिचा हा फोटो काढलास, आणि पदर नीट करायलाही वेळ दिला नाहीस म्हणून ती दिवसभर तुझ्यावर फुगून होती. तोच टांगलास.

एवढंही मी गिळलं असतं. धंद्यात थोडं इकडंतिकडं चालायचंच, असं स्वतःला समजावून तुला हाक मारणार, तेवढ्यात एका चष्मेवाल्या बाईंनी तुला विचारलं, "आजी कशा आहेत हो?" आणि काट्यावरची नजरही न काढता तू म्हणालास, "मजेत! हा पावटा आज पहाटे तिनंच तोडलाय."

विश्वजित, तुझी आई जाऊन अकरा महिने झाले. अग्नी तू दिलास. आणि खरं सांगू? तू ते इतकं सहज बोललास, की क्षणभर मलाही खरं वाटलं. ती रानात आहे, मी घरी पोचेपर्यंत भाकरी टाकेल. बरं वाटलं रे. त्या बरं वाटण्याचाच मला जास्त राग आलाय, आणि तो मी तुझ्यावरच काढणार, दुसऱ्या कुणावर काढू? हरभऱ्याची जुडी तिथंच तुझ्या ढिगावर ठेवून मी मागं फिरलो. तीही तू विकलीच असशील.

आलो होतो ते एवढंच सांगायला, की पुढच्या महिन्यात बारा तारखेला तिचं वर्षश्राद्ध आहे. फोनवरही सांगता आलं असतं, पण वाटलं, समोर बसून सांगावं. त्या दिवशी गुरुवार आहे, तुझा बाजार नसतो, तेव्हा ती सबब नको. मात्र येण्याआधी एक काम कर. त्या चष्मेवाल्या बाईंना सांग, आजी गेल्या म्हणून. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं सांग. ते जमत नसेल तर येऊ नकोस. जिवंत आईच्या श्राद्धाला लेकानं कशाला यायचं?

अजून तरी तुझाच,
आप्पा