गावात रेल्वे आणताना

सोमवार, ३ तारीख

लेकीचा फोन. शनिवारी येतेय, दोन दिवसांसाठी. ती दहा वर्षांची असताना आम्ही दोघांनी कॉम्प्युटरवरच्या ठोकळ्यांच्या गेममध्ये एक गाव बांधलं होतं. तिला आता त्यात रेल्वे आणायची आहे. माझ्याबरोबर! नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच असं काही म्हणाली. आनंदाच्या भरात मी फोन ठेवतानासुद्धा हॅलो म्हणालो.

रेल्वेसाठी मॉडपॅक लागतो. गेममध्ये नसलेल्या वस्तू लोक बनवतात, ते मॉड. त्यांचा गठ्ठा म्हणजे पॅक. लाँचर नावाचा प्रोग्रॅम तो उतरवून घेतो आणि गेम सुरू करतो. लेक म्हणाली, पॅक मी आपलं गाव बघूनच निवडलाय. आधी गावाची कॉपी काढ, मग इन्स्टॉल दाब, बाकी कशालाही हात लावू नकोस. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. तिकडे रेंज नसावी.

ऑफिसात प्रिंटर अडला की मलाच बोलावतात, हे पोरगी विसरली.

मंगळवार, ४. संध्याकाळी

इन्स्टॉल झालं. फारच सोपं. इतकं सोपं की संशय आला. पॅक अपुरा वाटला म्हणून पदरचे काही मॉड घातले. ढग, सावल्या, अस्वलं. लेकीला लहानपणी अस्वलं आवडायची. गेम सुरू केला, लगेच बंद पडला. कॉम्प्युटर जुना झालाय.

कॉपी उद्या.

बुधवार, ५

लाँचरने एरर रिपोर्ट दिला. लांबलचक. असले रिपोर्ट माणसाला घाबरवायला लिहितात, वाचायचे नसतात. त्यापेक्षा गेमला कॉम्प्युटरची सगळी मेमरी देऊन टाकली. हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही.

कॉम्प्युटर गोठला. बायकोचं शाळेचं टाइमटेबल त्यावरच उघडं होतं, सेव्ह न केलेलं. ती मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे ओरडत नाही, नुसती बघते. मग म्हणाली, अहो, पोरीला विचारा ना. मी म्हटलं, सरप्राइज आहे. ती फोन घेऊन गॅलरीत गेली. मैत्रिणीशी बोलायचं असेल.

गुरुवार, ६

हा गेम खेळणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर मदत मागितली. उत्तर आलं, रिपोर्ट टाका. मी त्याला मॅनर्सवर तीन परिच्छेद लिहून पाठवले. दुसऱ्याने विचारलं, पॅकमध्ये स्वतःचं काही घातलंत का? लिहिलं, विशेष काही नाही. तो म्हणाला, विशेष नसलेलं काय घातलंत? असल्या नाक खुपसणाऱ्या लोकांत राहण्यात अर्थ नाही. फोरम सोडला.

मार्ग स्वतःच काढला. गर्दी कमी करायची. माझे मॉड ठेवले, कारण ते निवडून घातले होते. पॅकमधले जुनाट नावांचे काढून टाकले.

कॉपी उद्या नक्की.

शुक्रवार, ७. दुपारी. रजा टाकली आहे

गेम सुरू झाला!! एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. आमचं गाव निवडलं. सूचना आली, या गावातल्या काही वस्तू सापडत नाहीत, तरी पुढे जायचं का? मी सकारात्मक माणूस. हो दाबलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

गावात दिवे नाहीत. बाकं नाहीत. तळ्यावरचा पूल नाही. तो मी बांधला होता, ती शेजारी बसून लाकडं मोजून देत होती. आमच्या घराला दार नाही. आत अस्वल.

लाँचरचा आजचा रिपोर्ट शेवटी वाचला. हे सगळं गाव बांधताना वापरलेल्या एका जुन्या मॉडमधलं होतं, आणि तोच मी पॅकमधून काढला होता. तो परत घातला. वस्तू परत आल्या नाहीत.

कॉपी आज काढणार होतो.

जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हटलं, ॲसिडिटी.

शनिवार, ८. सकाळी

पूल नव्याने बांधला. एका रेषेत, एकदम सरळ. अस्वलं मध्ये मध्ये येत होती. जुन्यापेक्षा चांगला झालाय. इतक्या वर्षांनी तिला काय कळणार!

रविवार, ९

कळलं. काल आल्या आल्या बॅग खाली ठेवली, गाव उघडलं आणि म्हणाली, बाबा, पूल सरळ कसा झाला? जुना मधेच डावीकडे वाकायचा. बांधताना तू माझ्याकडे बघून गोष्टी सांगत होतास ना, म्हणून. मला हे आठवतच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. ॲसिडिटी डोळ्यांपर्यंत चढते, हे नवीन कळलं.

मग तिने पेनड्राइव्ह काढला. मागच्या वेळी आली तेव्हाच गावाची कॉपी करून नेली होती. बुधवारी आईचा फोन गेल्यावर ती आठवणीने बॅगेत टाकली. फोल्डरचं नाव, 'बाबाने हात लावण्याआधी'. लाँचरमधलं माझं सगळं पुसलं, इन्स्टॉल दाबलं, कॉपी आत टाकली. चहा संपायच्या आत गाव उभं. दिवे, बाकं, वाकडा पूल.

आज दिवसभर रूळ टाकले. म्हणजे तिने आणि तिच्या आईने. मला पहिल्या गाडीत बसवलं आणि सांगितलं, कशालाही हात लावू नकोस. गाडी पुलावर डावीकडे वळली तेव्हा लेक हसली. मीही हसलो. फार बरं वाटलं.

निघताना म्हटलं, एक कॉपी माझ्याकडेही ठेव, मी जपून ठेवतो. म्हणाली, ठेवलीय, आईच्या कपाटात. किल्ली कुठे असते विचारलं, तर दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.