कार्डाला सपोर्ट नाही

३ जुलै
ऑफिसात पुन्हा तीच रड. जितक्या कंपन्या तितकी ग्राफिक्स कार्डं, आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. एकाची समजूत काढावी तर दुसरं रुसतं. आमची ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यांवर चालवून बघायला माणसं इनमिन तीन. शेवटी ठरलं, जुन्या कार्डांचा सपोर्ट बंद. मीही मान डोलावली. घरी अण्णांच्या, म्हणजे माझ्याच बापाच्या, पीसीत त्यातलंच एक आहे, हे येताना डांगे चौकात सिग्नलला आठवलं. असो.

१९ जुलै
अपडेट घरी पोचलं. अण्णांचा पीसी सुरू होतो, पण कार्डाला ओळख देत नाही. कामचलाऊ स्क्रीन दाखवतो, आयकॉन भाकरीएवढे. शरम वाटली, आमचीच करणी. अण्णा कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झाले तरी चाकणच्या दत्ताभाऊंच्या वर्कशॉपसाठी डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंग करतात, त्यांचं काम अडणार. तर अण्णा खूश! "यावेळी पडदा बेस केला बघ तुम्ही लोकांनी." टोमणाच असणार.

२० जुलै
रविवार त्यातच गेला. जुना ड्रायव्हर शोधून बळंच बसवला. सगळं पूर्वीसारखं, बारीक, रेखीव. अण्णांना बोलावलं. खुर्चीत बसले, पुढे सरकले, अजून पुढे. "छान," एवढंच. आणि उठून बाल्कनीत. मी इतकी राबले त्याचं काही नाही. राग आला.

२ ऑगस्ट
तेव्हापासून पीसी बंद. दत्ताभाऊंना फोनवर सांगतात, कंबर धरलीय. कंबर धरलेला माणूस रोज भाजीला उतरतो? आज गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे धरली. "नाव वाच गं. अक्षरं छापतात का मुंग्या सोडतात?"
हसले मी. मग हसू थांबलं.

३ ऑगस्ट
सरळ विचारलं. दिवाळीपासून नीट दिसत नाही. एकटेच बसने डॉक्टरकडे जाऊन आले होते. "डोळ्याचाच पडदा खराब हाय म्हणले. गेलेलं परत येत न्हाई. इंजेक्शन देऊन हाय तेवढं टिकलं तर टिकलं." मला रडू आवरेना. अण्णाच समजूत घालत होते. "तुझं बिघडलं होतं ना, तवा तीनचा आठ होत नव्हता. लई बरं होतं."
आणि मी ते दुरुस्त केलं.

४ ऑगस्ट
म्हटलं, ड्रायव्हर राहू दे, सेटिंगमधून मोठं करून देते, तितकंच मोठं दिसेल.
"नको. तुझा ड्रायव्हरच काढ. दत्ताभाऊनं विचारलं, एवढं मोठं कशाला, तर सांगता आलं पाहिजे. कार्डाला सपोर्ट न्हाई."
काढला. इंजेक्शनला मात्र नेणार, यावर मी अडून बसले. "बघू," म्हणाले.

१४ ऑगस्ट
काम पुन्हा सुरू. पीसी रडतखडत चालतो, रेघ ओढली की मागून येते. अण्णा गुणगुणतात. संध्याकाळी दत्ताभाऊ प्रिंट न्यायला आले, नजर पडद्यावर.
"काका, हे काय वो, बालवाडीच्या पुस्तकावानी?"
अण्णा माझ्याकडे बघेनात. मी म्हटलं, "कार्ड जुनं झालंय, भाऊ. सपोर्ट बंद."
"ताई, तुमी तर त्याच लायनीतल्या. तुमाला बी न्हाई जमत?"
"नाही जमत."
माझ्याच कामाबद्दल इतकं सहज खोटं बोलेन असं वाटलं नव्हतं.

१८ ऑगस्ट
हल्ली प्रिंट जाण्याआधी आकडे मी तपासते. अण्णांना ठाऊक आहे. आज एका भोकाच्या मापात आठच्या जागी तीन निघाला. मोठ्या अक्षरांतसुद्धा. डाय फुकट गेली असती, दत्ताभाऊंची ऑर्डरही. गुपचूप बदलला. पाठीमागे अण्णा उभे. "किती सापडले?"
"काही नाही," म्हटलं.

२३ ऑगस्ट
दत्ताभाऊ पेढे आणि एक खोकं घेऊन. नवंकोरं ग्राफिक्स कार्ड. "काका, तुमच्यामुळं ऑर्डर टिकली. हे माझ्याकडनं. आता केस बी दिसल बघा पडद्यावर. ताई, उद्या रविवारच हाय, बसवून टाका."
माणूस सोन्यासारखा. अण्णांनी खोकं दोन्ही हातांत घेतलं, छापलेल्या चित्रावरून बोटं फिरवली. दत्ताभाऊ गेल्यावर म्हणाले, "काय लिहिलंय गं यावर?"

३१ ऑगस्ट
दुसरा रविवार. खोकं टीव्हीखाली तसंच. इंजेक्शनही "बघू" वरच. जेवताना दत्ताभाऊंचा फोन, स्पीकरवर घेतला.
"बसलं का कार्ड?"
अण्णांनी हातानं नको नको केलं. मी म्हटलं, "भाऊ, ते फारच नवं आहे. आमच्या सिस्टीमला त्याचा सपोर्ट अजून आलेला नाही."
अण्णा माझ्याकडे बघत होते. म्हणजे माझ्या आवाजाकडे.
पलीकडे दत्ताभाऊ हसले. "जुन्याला न्हाई, नव्याला न्हाई. मंग दिसतं तरी कशावर वो, ताई?"
अण्णांनी फोनसाठी हात पुढे केला. तो आमटीच्या वाटीवर पडला.