टँकर सुटेपर्यंत

जहाजावरून,
११ डिसेंबर २०२५

ती. स्व. तेजूताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं लिहायचं म्हणून अकरा दिवस ढकलले. खोटं कशाला बोलू, तीनदा कागद घेतला आणि तीनदा त्यावर रमीचे गुण मांडले. तू माझा नंबर ब्लॉक केलास. आईला फोन लावला की आई रडते आणि ठेवून देते. शिवाय इथे वायफाय फक्त मेसमध्ये, आणि तिथे फोरमन जयसिंग दिवसभर चहा पीत बसलेला. त्याच्या तोंडासमोर काय बोलू? म्हणून कागद. आठवड्याला सामानाची बोट येते, तिच्यावरचा खलाशी हे किनाऱ्यावर पोस्टात टाकेल.

तुझ्या लग्नाला मी आलो नाही हे मी तुला सांगायला नको. पण न येणं वेगळं आणि येऊ न देणं वेगळं, एवढं तरी ऐकून घे आणि मग शिव्या दे.

मागे मी हे जहाज समजावत होतो तेव्हा तू ब्लाऊजपीस लावून बघत होतीस, ऐकलं नसशील. इथे समुद्र किलोमीटरभराहून खोल आहे, पाय रोवून काही उभं करता येत नाही. म्हणून एक जुनं टँकर जहाज आणून साखळदंडांनी तळाशी बांधलंय. खालच्या विहिरींतलं तेल नळ्यांमधून वर येतं, जहाजावरच त्यातलं पाणी नि गॅस वेगळा होतो आणि तेल पोटात साठतं. वारा फिरला की अख्खं जहाज बांधलेल्या जागेभोवती फिरतं. झोपून उठावं तर सूर्य भलत्याच खिडकीत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं मलाच चक्कर येतेय, आचाऱ्याने आल्याचा काढासुद्धा पाजला. बरा माणूस आहे, फक्त पोह्यात काजू घालतो. असो.

मुद्दा असा की पोट भरत आलं की दुसरा टँकर येतो, आमच्या मागच्या टोकाला जाड दोराने बांधून घेतो आणि तेल ओढून नेतो. तो वेळेवर आला नाही तर विहिरी बंद कराव्या लागतात, आणि विहीर बंद झाली की वरच्यांची तोंडं उघडतात. २७ नोव्हेंबरला टँकर दोन दिवस उशिरा आलेला, पोट काठोकाठ, वारा वाढत चाललेला. अमुक वाऱ्याच्या वर दोर सोडायचा हा नियम भिंतीवर चिकटवलाय. जयसिंगने भिंतीकडे पाठ केली आणि काम रेटलं. दोर एकदम ताणला आणि शहेजादचा डावा हात दोर नि खुंट यांच्यात सापडला. आपल्या सय्यदनगरचा शहेजाद, ज्याने मला इथे चिकटवलं. दोन बोटं गेली, ताई.

दुसऱ्या दिवशीच्या हेलिकॉप्टरात माझी जागा होती. तिथे त्याचं स्ट्रेचर ठेवलं. ते बरोबरच झालं. पण २९ला आणखी एक फेरी होती, आणि जयसिंग कागद घेऊन आला. त्यात असं की वारा मर्यादेत होता आणि शहेजादने सांगितलेलं न ऐकता हात घातला. सही कर, दुपारी बस, उद्या बहिणीच्या लग्नात नाच, असं म्हणाला तो हरामखोर. मी नाही केली. तेव्हापासून दर फेरीला एकच उत्तर, जागा नाही, बदली माणूस नाही. जवळून बघणारे आम्ही दोघंच, मी आणि जयसिंग. मी सही केली तर ठपका शहेजादवर, आणि मग त्याला कुठलंही जहाज उभं करणार नाही.

आता सांग, पळालो का मी? आणि तू नंबर ब्लॉक करतेस!

दाजींना नमस्कार. राग धर पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
साईनाथ


वाघोली,
१८ डिसेंबर २०२५

चि. साईनाथ यास,
अ. उ. आ. (हा सवयीने लिहिला आहे, मनापासून नाही.)

पत्र मिळालं. अक्षर पाचवीत होतं तसंच आहे.

कानपिळीला तुझ्या वाटणीचा कान ऋषीने पिळला. आत्याचा मुलगा म्हणून त्याला पुढे ढकललं. त्याने इतका हळू पिळला की गुरुजींनीच विचारलं, झालं का? सगळे हसले. आई हसली नाही, ती गेटकडे बघत होती. तुझ्यासाठी घेतलेला फेटा खुर्चीवर होता, त्यावर शेवटी कुणाचा तरी नातू बसला.

आदल्या दिवशी तुझ्या त्या जयसिंगाचा बाबांना फोन आला होता. अतिशय गोड बोलला म्हणे. तुमचा मुलगा स्वतःच्या हट्टाने थांबलाय, साधी एक सही करत नाही, तुम्ही समजवा. बाबांनी कसली सही एवढंही विचारलं नाही. का विचारतील? सर ओरडले म्हणून तू आयटीआय सोडलंस. ट्रॅफिक फार म्हणून हिंजवडीची कॅब सोडलीस. गोव्याचं हॉटेल का सोडलंस ते तर तुलाही आठवत नसेल. बाबा एवढंच म्हणाले, की बरं झालं समुद्रात गेला, निदान पळायला जमीन नाही. आणि मी तुझा नंबर ब्लॉक केला, हातांना मेंदी होती म्हणून नाकाने दाबून.

सही केली नाहीस, चांगलं केलंस. हे मी कबूल करते, आणि एवढ्यावर खूश होऊ नकोस.

कारण तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात जयसिंगने काय केलं ते आहे, वाऱ्याने काय केलं ते आहे, दोराने काय केलं ते आहे, आचाऱ्याने पोह्यात काय घातलं तेसुद्धा आहे. तू काय करत होतास ते नाही. मे महिन्यात सुट्टीवर आलास तेव्हा एक लाल कार्ड सगळ्या सोसायटीला दाखवत फिरत होतास. आमच्या जहाजावर कपबशा विसळणारासुद्धा हे कार्ड वर करून काम थांबवू शकतो, कॅप्टनलाही ऐकावं लागतं, अशी शेखी मिरवलीस. मग त्या दिवशी ते कार्ड कुठे होतं? एवढ्या जवळून बघत होतास ना?

याचं उत्तर आलं तर पुढे बोलू. जेवत जा.

नाइलाजाने अजूनही,
तुझी ताई


जहाजावरून,
२७ डिसेंबर २०२५

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

खिशात होतं.

झालं समाधान? तू वकील का नाही झालीस गं, पापडाच्या कारखान्यात सुपरवायझर कशाला झालीस?

आता ऐक सगळं. वाऱ्याचा आकडा मीच दर अर्ध्या तासाने बघून जयसिंगला ओरडून सांगत होतो, तेच माझं काम. मर्यादा ओलांडली तेव्हा सगळ्यात आधी मला कळलं. सांगितलं, तो म्हणाला चालू दे. पुढच्या वेळी आकडा आणखी वर. त्याने परत तेच. शहेजादने माझ्याकडे बघितलं. आमच्यात पंधरा पावलं असतील. कार्ड काढायचं, हात वर करायचा, संपलं. माझा हात खिशात गेलासुद्धा होता.

पण टँकर आसपास असेपर्यंत इथे हेलिकॉप्टर उतरवत नाहीत. काम थांबलं असतं तर तेल निम्म्यावर राहिलं असतं, वारा पडायची वाट बघत टँकर दोन दिवस इथेच घुटमळला असता, आणि माझं २८चं हेलिकॉप्टर बोंबललं असतं. मनात म्हणालो, अजून तासभर, टँकर सुटेपर्यंत फक्त. बॅग भरून ठेवलेली होती. तुझ्यासाठी किनाऱ्यावरून मोत्यांच्या कुड्या मागवल्या होत्या. तुझं लग्न नसतं ना ताई, तर मी शंभर टक्के हात वर केला असता. तुझ्यासाठी गप्प बसलो मी! आणि तू मला विचारतेस कार्ड कुठे होतं!

सही न करणं म्हणजे शूरपणा नाही, मला कळतं. तेवढंच जमलं. परवा मात्र मी जयसिंगला ओलांडून कॅप्टनकडे गेलो. चार पानं लिहून दिली, आकडे, वेळा, जयसिंग काय बोलला ते, सगळं. जयसिंग मेसमध्ये सगळ्यांदेखत अंगावर आला, म्हणाला तुला परत कुठल्या डेकवर पाय ठेवू देणार नाही. मी म्हणालो नको ठेवू देऊ, मला तसंही पाय टिकवायची सवय नाही. सगळे हसले, तो अजून पेटला. कॅप्टनने पानं ठेवून घेतली आहेत. चौकशी लावतो म्हणाला. पाच तारखेच्या फेरीत मला जागाही दिली आहे.

पानांत माझ्या खिशातलं कार्ड नाही. ते कशाला? त्याने जयसिंगलाच फावेल.

शहेजाद हॉस्पिटलमधून घरी आलाय. रोज मेसेज करतो, की तू एकटाच माझ्या बाजूने उभा आहेस, अम्मी तुझ्यासाठी दुवा मागते. मला जेवण जात नाही ते वाचून. त्याला यातलं काही कळता कामा नये. तुला शपथ आहे. आईला नाही, दाजींना नाही, त्याला तर नाहीच. हे पत्र फाडून टाक.

ओरड हवं तेवढं, पण मला परकं करू नकोस.

तुझा,
साईनाथ


हडपसर,
५ जानेवारी २०२६

चि. साईनाथ यास,
अ. उ. आ.

चार दिवस आईकडे आले आहे. आज तू सुटणार म्हणतोस, म्हणून हे पत्र जहाजावर पाठवत नाही. घरी आलास की आधी हे वाच आणि मग चपला काढ.

तुझं पत्र मी फाडलेलं नाही. कुणी सांगितलं होतं तुला माझ्यासाठी गप्प बसायला? मी? माझ्या लग्नाला तू यावंस म्हणून कुणाची बोटं जावीत असं मी कधी म्हणाले होते? तू माझ्या लग्नावर शहेजादच्या दोन बोटांचं ओझं ठेवलंस, आणि वर कुड्या आणल्यास. त्या कुड्या मी कानात घालेन असं तुला वाटतं? मी मांडवात हसत होते रे. फोटो आहेत माझे हसतानाचे. आता ते मी बघू कसे?

चार पानं लिहिलीस आणि स्वतःला तेवढं वगळलंस. जयसिंगनेही त्याच्या कागदात हेच केलं होतं. शहेजादच्या कामाला येईल ते पूर्ण लिहिलेलं पानच. उद्या चौकशीत कुणी मी विचारलं तेच विचारलं, तर तुझी चारही पानं रद्दीत, आणि ठपका पुन्हा त्याच्यावर. हे तुला कळत नाही असं नाही. तू त्याच्या नजरेला घाबरतोस.

आणि मला शपथ घालतोस. म्हणजे २७ नोव्हेंबरला तू जे केलंस तेच आता मी करायचं, हात खिशात ठेवून उभं राहायचं. मी नाही राहणार. दोन दिवस देते. पाचवं पान तू लिही आणि शहेजादला तू स्वतः सांग, त्याच्या घरी जाऊन, खाली मान न घालता. नाहीतर मी सांगेन. ब्लॉक काढला आहे, त्याचा अर्थ माफ केलं असा काढू नकोस.

बाबांना मी कागदाचं आणि सहीचं सांगितलं. ते म्हणाले की स्टेशनवर मी जातो त्याला आणायला. ते बोलले तेव्हा

थांब, बेल वाजली.

शहेजाद आलाय. सोबत त्याची आई, हुस्नबानू मावशी. लग्नाला यायचं राहिलं म्हणून आहेर घेऊन आलेत, मोरपंखी साडी, आणि त्याने ती उजव्या हाताने नाही, पट्टी बांधलेल्या हातानेच धरली आहे, जरा मिरवत. आई चहा टाकायला आत गेली. मावशी मला जवळ घेऊन म्हणाल्या की तुझ्या भावासारखा भाऊ सगळ्यांना मिळो. शहेजाद माझ्या समोरच्या खुर्चीत बसलाय आणि विचारतोय, साईनाथचं काही पत्र आलं का.

दोन दिवस म्हणाले होते मी. तेवढे राहिले नाहीत. तुझं पत्र आमच्या दोघांच्या मधे टेबलावर उघडं पडलं आहे, आणि मी ते उचलत नाही.

कधी नव्हे इतकी तुझी,
ताई