पुढच्या चाकांखाली कागद

डेस,

कालचं भाजलेलं मटण फ्रिजमध्ये आहे. मी संध्याकाळच्या बोटीने समुद्रापलीकडे बर्नीला, माझ्या बहिणीकडे, आयरिसकडे चालले. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिला उठवायला-बसवायला कुणी नाही.

दोनदा बॅग भरली, दोनदा रिकामी केली. दोन्ही वेळा तुझी ती वीतभर, खेळण्यातली शर्यतीची गाडी वळणावर ट्रॅकच्या खाचेतून उडाली आणि तू दारात आडवा: "मर्ल, तुझ्या हाताशिवाय हे जमायचं नाही गं!" या वेळी बॅग कपडे धुण्याच्या खोलीत भरली, चोरासारखी.

तर आता शिकून घे. गाडी ट्रॅकच्या सुट्या तुकड्यावर ठेव. पुढच्या चाकांखाली कागद सरकव. तो किंचित अडत निघाला पाहिजे. चाकं त्याहून खाली आली की गाडीचं नाक उचलतं, खालची पट्टी खाचेतून सुटते. उंची आसावरच्या बारीक स्क्रूंनी ठरवायची. पुढच्या टायरना नेलपॉलिश लाव, म्हणजे ते वळणावर ट्रॅकला चिकटत नाहीत.

मंगळवारी मी ते स्क्रू लावले होते. आज पाहते तर दोन्ही चाकं खाली. स्क्रू आपणहून फिरत नाहीत, राजा. आणि गाड्यांच्या क्लबात साऱ्या बॅलरॅट गावाला हेच शिकवणारा कोण, तेही मला ठाऊक आहे.

एकट्याला घर खायला उठतं म्हणाला असतास, तर दोन तिकिटं काढली असती.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी परत फिरेन.

हात आवरेना, म्हणून डावं चाक कागदाच्या उंचीला लावून ठेवलंय. उजवं तुझं.

मर्ल